आईला न्यू जर्सीत गांजाचं मेडिकल कार्ड काढता येईल का? व्हिजिटर व्हिसावर जातेय

रामबागची_लेक (इंदूर):
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची आहे, केमो संपली पण तेव्हापासून तळपायांची आग आग होते, रात्री उठून ओल्या फरशीवर पाय टेकवून बसते बिचारी, चादरसुद्धा पायाला लागलेली सहन होत नाही. आता ती दादाकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला सहा महिने राहायला चाललीय. वहिनीचं म्हणणं की तिकडे गांजा कायदेशीर आहे, पेशंटचं कार्ड निघतं, तेलाचे थेंब किंवा गमी (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या) घेतल्या की झोप लागेल. तर व्हिजिटर व्हिसावर कार्ड मिळतं का, आणि गुण आला तर येताना थोडं तेल इकडे आणता येईल का? इथे राजवाड्याकडे जाताना सरकारी भांगेचं दुकान तर उघड उघड चालू दिसतं, म्हणून वाटलं की एवढं काय असणारे त्यात. आईची वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू आहे (हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय), दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी) करतो.

जर्सीकर_मामा:
ताई, मी इकडे बरीच वर्षं आहे, आधी कार्डाचं सांगतो. न्यू जर्सीत पेशंट म्हणून नाव नोंदवायला इथला रहिवासी असावं लागतं, पत्त्याचा पुरावा लागतो, शिवाय प्रोग्रॅममध्ये नोंदलेल्या डॉक्टरने सर्टिफिकेट द्यावं लागतं. कॅन्सर आणि जुनाट दुखणं दोन्ही यादीत आहेत, म्हणजे आजार बसतो पण आई बसत नाहीत. गंमत म्हणजे डॉक्टर इथे गांजाचं प्रिस्क्रिप्शन लिहूच शकत नाही, नुसतं "या पेशंटला हा आजार आहे" एवढं प्रमाणित करतो, कारण अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात गांजा अजून बेकायदाच आहे. कार्डाशिवायही २१ वर्षांवरच्या कोणालाही पासपोर्ट दाखवून दुकानात मिळतं, २०२२ च्या एप्रिलपासून, एका वेळी एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅमपर्यंत.
पण वहिनी जे "कायदेशीर" म्हणतात ते राज्यापुरतं. नदी ओलांडून फिलाडेल्फियाला गेलात की पेन्सिल्व्हेनिया लागतं, तिथे फक्त तिथल्या कार्डवाल्या पेशंटना चालतं, बाकीच्यांना गुन्हा. आणि विमानतळ, व्हिसा, इमिग्रेशन हे सगळं केंद्राच्या हातात. पुढच्या वेळी आईंना कोणी ऑफिसरने विचारलं "कधी घेतलंय का" आणि त्यांनी साधेपणाने हो म्हटलं तर नुसत्या त्या कबुलीवर प्रवेश नाकारू शकतात. दादाचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं असेल तर त्यालाही सांभाळायला सांगा, ग्रीन कार्डाच्या मेडिकलमध्ये हे विचारतात. २०१९ मध्ये तर इमिग्रेशन खात्याने स्पष्टच लिहून टाकलं की राज्यात चालत असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात ते आड येऊ शकतं. आपली साधीभोळी माणसं यात अडकतात म्हणून जीव तुटतो, नातवंडांना भेटायचा रस्ता यापायी बंद होऊ देऊ नका.

जिल्हाकोर्टवाला (इंदूर):
तेल आणायचा विचार आजच डोक्यातून काढा ताई. भांगेचं दुकान चालतं कारण १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात (आपला अमली पदार्थांचा कायदा) गांजा म्हणजे शेंड्याची फुलं-फळं, सोबत शेंडे नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, म्हणून पानांची भांग राज्याच्या आबकारी खात्याकडे राहिली आणि त्याचं लायसन्स निघतं. तिकडचं टीएचसीवालं (टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक) तेल मात्र फुलांतला अर्क असतो, आणि कायद्यात चरसच्या व्याख्येतच हशीश तेल धरलेलं आहे. बाहेरून आणलं की आयात, कलम २३. तिकडच्या दुकानाची पावती, डॉक्टरची चिठ्ठी, काही उपयोग नाही त्याचा मुंबईच्या कस्टमपुढे. आणि गमीचं अजून वाईट, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हिरा सिंग केसमध्ये सांगितलंय की मिश्रण असेल तर अख्ख्या मिश्रणाचं वजन धरायचं, म्हणजे साखर-जिलेटिन सगळं मोजणार. चरसला १०० ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, त्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गमीच्या तीन-चार डब्या घेतल्या की वजन त्याच्या वर जातं, मग शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

रामबागची_लेक:
बापरे, बरं झालं विचारलं. मग इथे वैद्यांकडे ते विजयाचं (आयुर्वेदात भांगेच्या झाडाचं नाव) तेल मिळतं म्हणतात, ते नेऊ का सोबत?

औषधवाली_मावशी (ग्वाल्हेर):
नको गं. विजया इथे आयुषच्या (आयुर्वेद वगैरे औषधांच्या सरकारी खात्याच्या) लायसन्सवर बनते आणि वैद्याच्या चिठ्ठीवर मिळते, ते ठीक, पण तिकडच्या विमानतळावर तोच अमेरिकेच्या केंद्राचा कायदा आहे, तिथे आयुषला कोण ओळखतं. आणि मला कायद्याहून आईंच्या वॉरफरिनची काळजी जास्त वाटतेय. गांजातलं सीबीडी नावाचं द्रव्य लिव्हरमध्ये वॉरफरिनचा निचरा मंद करतं, मग आयएनआर चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. विजया असो की तिकडची गमी, दोन्हीला हे लागू आहे. शिवाय टीएचसीने चक्कर येते, ६८ व्या वर्षी रात्री बाथरूमला जाताना पडल्या आणि डोक्याला लागलं तर रक्त पातळ असलेल्या माणसाचं काय होतं ते मी काउंटरवर बसून ऐकलेलं आहे. केमोनंतरच्या या आगीसाठी ड्युलोक्सेटिन नावाची गोळी डॉक्टर देतात, पण वॉरफरिनसोबत तिच्यानेही रक्तस्राव वाढू शकतो, तेव्हा कॅन्सरचे आणि हार्टचे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलल्याशिवाय सुरू करायची नाही. निघायच्या निदान महिनाभर आधी दाखवा, म्हणजे इथेच एखादी आयएनआर होऊन डोस बसेल. नेहमीची औषधं मूळ डब्यातच न्या आणि चिठ्ठी हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

रामबागची_लेक:
मावशी, सोमवारीच कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ घेते, हार्टवाल्यांची फाइल पण सोबत नेते. दादाला मामांचं आणि वकीलसाहेबांचं सगळं आत्ताच व्हॉट्सअॅपवर पाठवलं, वहिनीलाही वाच म्हणून सांगितलंय.