मदत हवी आहे : भूशास्त्रात एमएस्सीसाठी केगाव की पुणे?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी मुलगी यंदा सोलापुरातल्याच एका महाविद्यालयातून भूशास्त्र घेऊन बीएस्सी झाली असून पुढची एमएस्सी कोठे करावी, यावर आमच्या घरात गेले तीन आठवडे खल चालू आहे. एकीकडे केगावचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, तर दुसरीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. दोन्हीकडे प्रवेश मिळेल असे धरून मी लिहितो आहे. कोणते विद्यापीठ चांगले, हे मला विचारायचे नाही. या मुलीला कोणते मानवेल, एवढाच प्रश्न आहे, आणि त्यासाठी मुलगी कशी आहे हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे.

घरी आम्ही कन्नड बोलतो, तिची शाळा मराठी, आणि बीएस्सीची पुस्तके इंग्रजी. अकरावी-बारावीच्या भरगच्च वर्गात दोन वर्षांत तिने शिक्षकांना एकही प्रश्न विचारला नाही. मात्र बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी जिऑलॉजीला नऊच जण होते, तेव्हा हीच मुलगी खडकाचा एखादा तुकडा घरी आणून आईशी त्यावर तासभर वाद घालू लागली. (आईला खडकातले काही कळत नाही, पण ती ऐकून घेते.)

तिच्या मामाचे गाव मंगळवेढा तालुक्यात आहे. तेथे त्यांच्या दोन विहिरी आहेत, एकमेकींपासून दोनशे पावलांवर. एकीचे पाणी मार्चमध्येच तळ गाठते, दुसरीला मे उजाडला तरी उपसा चालतो. हिने सुतळीच्या टोकाला दगड बांधला, दर फुटावर गाठ मारली, दर पाच फुटांवर लाल दोरा गुंडाळला, आणि गेली दोन वर्षे गावी गेली की ती सुतळी विहिरीत सोडून कोठवर भिजली ते पाहून वहीत तारीख घालून लिहून ठेवते. शेजारच्या पानावर विहिरीच्या भिंतीचे चित्र आहे : वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला दगड आणि तळाशी अखंड काळा पाषाण. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतात बोअर घेतली जात होती, तर ही तेथे उभी राहून किती फुटांवर कोणत्या रंगाचा भुगा वर येतो ते टिपत बसली होती. तिला पुढे भूजलातच काम करायचे आहे, याबद्दल आता कोणाच्या मनात शंका उरलेली नाही.

माझे गणित सरळ होते. मुलगी बुजरी, म्हणून विद्यापीठ लहान हवे. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले आणि त्याचे कार्यक्षेत्र हा एकच जिल्हा. पुणे विद्यापीठ १९४९ सालचे, आणि १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ निघेपर्यंत आपले सोलापूरही त्याच्याच कक्षेत होते. आज त्याच्याकडे पुणे, अहिल्यानगर व नाशिक असे तीन जिल्हे आहेत. माझ्या स्वतःच्या बीकॉमच्या प्रमाणपत्रावर शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. त्या काळी प्रमाणपत्राच्या कामाला कोल्हापूर गाठावे लागे, त्यामुळे विद्यापीठ घरापासून रिक्षाच्या अंतरावर असणे ही मला आजही थोडी चैनच वाटते.

मग आम्ही दोन्ही ठिकाणे पाहून आलो. केगावला एक सर स्वतः बाहेर येऊन पाऊण तास बोलले, त्यांनी वही मागून घेतली आणि तिला तीन-चार प्रश्न विचारले. मला फार बरे वाटले. पुढच्या आठवड्यात हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो. फाटकातून आत शिरल्यावर झाडांखालून विभागापर्यंत चालता चालताच माझा अर्धा उत्साह मावळला. तेथे एका संशोधक विद्यार्थिनीने मुलीला सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचा पातळ काप दाखवला आणि ती आपल्या कामाला लागली. आम्ही कोण, कोठले, हे कोणी विचारले नाही. परतीच्या गाडीत मी गप्पच होतो. कुर्डुवाडी मागे पडल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तिथं मला कोणी ओळखत नव्हतं, ते बरं वाटलं." येथे माझे गणित चुकले.

माझे थोरले मेव्हणे म्हणतात की पुण्याचा शिक्का तो पुण्याचा शिक्का. पत्नीचे म्हणणे असे की घरचे जेवण आणि घरची झोप मिळाली की मूल अभ्यास करते. पैशाचे म्हणाल तर मी एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. पुण्यातला दोन वर्षांचा खर्च ओढाताण करून निभावेल, म्हणून निर्णय पैशावर अडलेला नाही. तेव्हा जाणकारांनी सांगावे : अशा मुलीला मोठे विद्यापीठ खुलवते की आणखी गप्प करते? आणि ज्या मुलीचा खरा अभ्यास मंगळवेढ्याच्या विहिरीत आहे, तिने अडीचशे किलोमीटरहून लांब जाण्यात कितपत शहाणपणा आहे?

प्रतिसाद १

काका, नमस्कार. मी मूळची बार्शीची. जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या विद्यापीठातून याच विषयात एमएस्सी केली असून सध्या भूजलाच्या सर्वेक्षणाचे काम करते.

तुम्ही जिल्हे मोजलेत, वर्ग मोजलेला नाही. आपल्याकडे विद्यापीठाचा मोठेपणा हा बहुतांशी संलग्न महाविद्यालयांचा असतो. परीक्षा घेणे, निकाल लावणे, महाविद्यालयांना मान्यता देणे हा तो सारा पसारा; एमएस्सीच्या विद्यार्थ्याची गाठ मात्र आवारातल्या एका विभागाशी पडते. भूशास्त्रासारख्या विषयाचा वर्ग मोठ्या विद्यापीठातही वाणिज्याच्या वर्गासारखा भरगच्च नसतो, आणि दोन अभ्याससहली झाल्या की सगळे एकमेकांना नावाने हाक मारू लागतात. त्यामुळे ती वर्गात गप्प बसेल, ही भीती थोडी बाजूला ठेवा.

खरा फरक विभागाच्या भोवताली काय आहे, यात पडतो. पुण्यात जयकर ग्रंथालय आहे, पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेचे मुख्यालयही पुण्यातच आहे. एखाद्या व्याख्यानाला जाऊन मागच्या बाकावर बसावे आणि न बोलता ऐकून यावे, याची सोय मोठ्या शहरात असते, आणि बुजऱ्या मुलांना तीच फार उपयोगी पडते. तिला कोणी ओळखत नसल्याचे बरे वाटले, ते मला पुरते समजले. घरी आपण "ती गप्प असते" म्हणून ठरून गेलेलो असतो; नव्या गावात ते कोणाला माहीत नसते. मात्र याची दुसरी बाजूही सांगते. पहिल्याच सत्रात मी आठ दिवस तापाने पडून होते आणि खोलीतल्या मैत्रिणीखेरीज कोणाला त्याचा पत्ता नव्हता. लहान ठिकाणी तिसऱ्या दिवशी कोणीतरी फोन केला असता.

विहिरींबद्दल म्हणाल तर नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात एमएस्सीच्या दुसऱ्या सत्रात कार्यप्रशिक्षण आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्प आहे. पुण्यात शिकून प्रकल्प मंगळवेढ्यावर करता येईल, किंवा केगावला शिकून प्रशिक्षणापुरते पुण्याला जाता येईल. मार्गदर्शकाची तयारी असली पाहिजे, एवढेच. म्हणून तो प्रश्न प्रवेशाआधीच विचारून घ्या.

प्रतिसाद २

शिक्क्याचे तुमच्या मेव्हण्यांनी फार मनावर घेऊ नये. दोन्ही विद्यापीठे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखालीच चालतात आणि कायद्याच्या दृष्टीने पदवी पदवीच असते. तिला केंद्रीय भूजल मंडळात जायचे असेल, तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षेची वाट आहे; तेथे शेवटी परीक्षेतले आणि मुलाखतीतले गुण चालतात. खासगी नोकरीत शिक्का पहिल्या मुलाखतीपर्यंत पोहोचवतो, हे मात्र खरे आहे.

मी लहान विभागात शिकलो, म्हणून एक सांगतो. तेथे चार-पाचच शिक्षक असतात. त्यांच्यातल्या एकाशी सूर जुळला तर सोन्याहून पिवळे. जुळला नाही तर दुसरीकडे वळायला जागा नसते, आणि ती दोन वर्षे फार लांब वाटतात. त्यामुळे दोन्ही ठिकाणी विचारा की पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती, भूजलाचा विषय नक्की कोण शिकवते आणि ती व्यक्ती पुढची दोन वर्षे तेथे असणार आहे का. माहितीपत्रकात ऐच्छिक विषयांची यादी लांबलचक असते. त्यातला कोणता गेल्या वर्षी खरोखर वर्गात शिकवला गेला, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. केगावच्या त्या सरांनी वही मागून घेतली, हे मी तुमच्या जागी असतो तर सहजासहजी सोडले नसते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद मुलीला वाचायला दिले. वर्ग मोजण्याचा मुद्दा मला नवीन होता. तिला तो बहुधा आधीच ठाऊक असावा, कारण ती नुसती हसली.

ताई, तापाची गोष्ट पत्नीने दोनदा वाचली आणि त्यावर काही बोलली नाही.

मुलीने स्वतःच एका कागदावर प्रश्न काढले आहेत. त्यांत तुमच्या दोघांचे आहेतच, शिवाय तिचा एक आहे : विहिरीच्या पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारे उपकरण विभागाकडे आहे का, आणि ते विद्यार्थ्याला गावी न्यायला देतात का. सुतळीवर आता तिचा विश्वास उरलेला नाही, कारण ओली झाली की ती आखडते आणि खोलीचा आकडा फसवा येतो, असे तिच्या लक्षात आले आहे. उद्या मंगळवारी ती केगावला सरांना भेटते आहे आणि गुरुवारी हुतात्माने पुण्याला जाते आहे. मी येऊ का विचारले, तर नको म्हणाली.

या दोन्हींपैकी एका विभागात गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी शिकले असेल, तर अभ्याससहली किती दिवसांच्या होतात आणि प्रकल्पाचा विषय विद्यार्थ्याला स्वतः निवडू देतात का, एवढे गुरुवारच्या आत लिहावे, ही विनंती.