पान उलटून बघा

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरच्या नेच्याचा (फर्नचा) फोटो टाकून एकाने विचारलंय, की त्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके हा रोग आहे का. रोगबिग काही नाही, बीजाणूंचे, म्हणजे ज्यांतून नवे नेचे उगवतात त्या बारीक कणांचे, पुंजके आहेत ते. ओळख पटवायला तेच सगळ्यात कामाचे. नुसता वरून काढलेला फोटो बघून जाणकारही हात टेकतात. हंसराज या नेच्याचं पान उलटा: पानाची कडाच आत दुमडून पुंजक्यांवर झाकण झालेली दिसेल. देठ काळा, चकचकीत. पानाचं टोक लांबत जाऊन जमिनीला टेकतं आणि तिथेच नवं रोप धरतं, ही तर फारच गंमत! कोरड्या कातळाच्या भेगांत चिमुकल्या पंख्यासारखी पानं दिसली तर ती मयूरशिखा, हाही एक नेचाच. उन्हाळ्यात ती मिटून वाळल्यासारखी होते, पाणी मिळालं की परत उघडते. पुढच्या फोटोत मागची बाजूही टाका, म्हणजे नाव सांगता येईल.