परदेशात गाडी चालवणार असाल तर आधी आपलं लायसन्स वाचा : आयडीपीचे अनुभव

गेल्या उन्हाळ्यात आम्ही जपानमधल्या होक्काइडोला जाऊन आलो. शिन-चितोसे विमानतळाजवळ भाड्याची गाडी घ्यायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने माझं आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, दोन्ही हातांनी घेतलं आणि चक्क वाचायला लागली. आधी कव्हरवर १९४९ हे साल (ज्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हे परमिट मिळतं, त्याचं) शोधून त्यावर बोट ठेवलं. मग परमिट दिल्याची तारीख. मग वाहनांच्या प्रकारांचं पान आणि त्यातली 'बी'समोरची, म्हणजे कारची, खूण. मग फोटो, मग माझा चेहरा. शेवटी पासपोर्ट शेजारी ठेवून नावातलं एकेक अक्षर ताडून पाहिलं. पाचेक मिनिटं लागली असतील. मागे बाकावर आई, बायको, दोन मुलं आणि चार बॅगा. सहा दिवसांची हॉटेलं गाडीच्या भरवशावर ठरवलेली. तिने मान डोलावून किल्ली पुढे केली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आपल्याकडे सगळे याला 'इंटरनॅशनल लायसन्स' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ते वेगळं लायसन्स नाहीच. आपल्याच लायसन्सचं परदेशातल्या पोलिसाला वाचता येईल असं भाषांतर आहे ते. लायसन्सवर जे आहे तेवढंच त्यात उतरतं. म्हणून ते एकटं कामाचं नाही, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट बरोबर लागतोच.

ज्यांनी अजून काढलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : सारथी या सरकारच्या लायसन्सच्या पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, हजार रुपये फी, आणि आपल्या पत्त्याच्या आरटीओत कागद दाखवायचे. मुदत एक वर्ष, किंवा लायसन्स त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच. मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसाची अट २०२१ मध्ये नियमातून काढली, तरी व्हिसा आणि तिकिटाची प्रत जवळ असू द्या, खिडकीवर वाद घालण्यापेक्षा ते बरं. ऑगस्ट २०२२ पासून देशभर एकच नमुना आहे आणि त्यावर क्यूआर कोडही असतो.

तुम्ही कुठे गेलात, परमिट कोणी बघितलं, कुठे अडलं, ते सविस्तर लिहा. किरकोळ वाटलं तरी लिहा. माझी तयारी अशाच ऐकलेल्या किरकोळ गोष्टींवर झाली होती.

नाशिकहून

माझं लायसन्स लग्नाआधीचं, पासपोर्ट लग्नानंतरचा. बारा वर्षं हे खुपलं नाही, कारण इथे पोलिसाने कधी दोन्ही एकत्र मागितलेच नाहीत. इटलीला जायचं ठरलं, नवऱ्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी मीच चालवणार होते. ऑनलाइन अर्ज गेला, फी भरली. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "ताई, या दोन वेगळ्या बायका आहेत."

खरंच होतं ते. लायसन्सवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, यांचं नाव, सासरचं आडनाव. सारखं होतं ते फक्त पहिलं नाव, आणि त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्येही एका ठिकाणी एक 'ए' आणि दुसरीकडे दोन. विवाह नोंदणीचा दाखला जोडून आधी लायसन्सवरचं नाव बदलून घेतलं, नवं कार्ड आलं, मग परमिट. सगळे मिळून एकोणीस दिवस. विमान चोविसाव्या दिवशी होतं. त्या एकोणीस दिवसांत मी रात्री कितीदा तरी पोर्टल उघडून अर्जाची स्थिती बघायचे.

बायकांनो, तुमची दोन्ही कार्डं आज काढून बघा. तिकीट काढायच्या आधी बघा.

इटलीत आपल्या लायसन्सबरोबर परमिट किंवा अधिकृत भाषांतर लागतंच. आम्हाला सिएनाजवळ पोलिसांनी थांबवलं, दोन्ही बघितलं, सोडलं. फ्लॉरेन्समध्ये मात्र हॉटेल शोधताना जुन्या गावातल्या झेडटीएल भागात गाडी गेली. तिथे ठरावीक गाड्यांनाच परवानगी असते आणि फाटक वगैरे काही नाही, नुसती पाटी आणि कॅमेरा. दंडाचं पत्र काही महिन्यांनी नाशिकला घरी आलं. जुन्या गावात हॉटेल असेल तर गाडीचा नंबर हॉटेलवाल्यांना आधी कळवायचा, ते नोंद करून देतात का ते विचारायचं.

म्युनिकहून

मुदतीबद्दल लिहितो, कारण माझी इथेच चूक झाली आणि ती साधी नव्हती.

नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा येताना परमिट काढून आणलं. त्यावर एक वर्ष लिहिलेलं, म्हणून मी निर्धास्त. आठव्या महिन्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "तुझं इथलं लायसन्स झालं का?" मी म्हटलं, अजून चार महिने आहेत की. त्याने चहाचा कप खाली ठेवला. जर्मनीत राहायला आलेल्या माणसाला आपल्या लायसन्सवर सहा महिनेच गाडी चालवता येते. परमिटवरची तारीख परमिटपुरती, राहणाऱ्याला मुभा किती ते तो देश ठरवतो. म्हणजे दोन महिने मी कायद्याने विनालायसन्स चालवत होतो, आणि इथे तो फौजदारी गुन्हा आहे. त्या दोन महिन्यांत मी मुलीला रोज बालवाडीत सोडत होतो. काही झालं असतं तर विम्याने हात वर केले असते. आजही तो विचार आला की छातीत धस्स होतं.

त्या दिवशी गाडी ऑफिसात ठेवून रेल्वेने घरी गेलो. पुढे डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग, लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा. भारतीय लायसन्सला कुठल्याही परीक्षेतून सूट नाही. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. मला सगळ्यात जड गेला तो 'उजवीकडच्याला आधी' हा नियम. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा सायकलवालासुद्धा आधी जातो, मग तुम्ही कितीही मोठ्या रस्त्यावर असा. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या डोळ्यांना उजवीकडे बघायची सवय लागायला तीन महिने गेले.

फिरायला येणाऱ्यांना हे लागू नाही. राहायला येणाऱ्यांनी मात्र सहा महिन्यांची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

तोक्योहून

वरच्या दादांना पुष्टी म्हणून. इथे राहणाऱ्यांमध्ये एक समज आहे की, दिवाळीत घरी जावं, नवं परमिट काढून आणावं, की वर्षभराची निश्चिंती. तसं चालत नाही. इथे रहिवासी म्हणून नोंद असेल आणि तीन महिन्यांच्या आत परत आलात, तर नवं परमिट धरत नाहीत. मी तीन आठवड्यांची सुट्टी आणि हजार रुपये घालवून हे शिकले. मग रीतसर इथलं लायसन्स काढलं.

होक्काइडोला जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. रेल्वे फाटक उघडं असलं, गाडी दिसत नसली तरी त्याआधी पूर्ण थांबायचंच. आणि पेट्रोल पंपावर लाल नळी साध्या पेट्रोलची, हिरवी डिझेलची. स्वतः भरायचा पंप असेल तर आधी रंग बघा. आईबाबा आले होते तेव्हा नॅव्हिगेशनमध्ये जागेचा फोन नंबर घातला की रस्ता लागतो, याचं बाबांना फार कौतुक वाटलं होतं.

पिंपरीहून

आम्ही चौघे मित्र, थायलंड, चिआंग माई. डोंगरातून स्कूटरने फिरायचं हा बेत. चौघांकडे परमिट होतं. माझ्या एका मित्राच्या लायसन्सवर फक्त कार आहे. गावाकडे पोरवयापासून दुचाकी चालवलेली, त्यामुळे दुचाकीचं लायसन्स वेगळं काढायचं राहूनच गेलं. साहजिकच परमिटवर 'बी'समोर खूण आणि 'ए'समोरचा रकाना कोरा. स्कूटर देणाऱ्या दुकानदाराने बघितलं नाही, पैसे घेतले आणि हेल्मेट दिलं. आम्हीही बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पावसानंतर एका वळणावर त्याची स्कूटर घसरली. खांद्याजवळचं हाड मोडलं. इस्पितळात उपचार चांगले झाले, पण प्रवास विम्याच्या लोकांनी परमिटचा फोटो मागवला आणि दोन तासांत कळवलं की दुचाकीची परवानगी नाही, दावा मंजूर होणार नाही. कागदावर ते बरोबरच होते. बिल आम्ही चौघांनी कार्डांवर वाटून भरलं. त्याच्या घरी फोन कोणी करायचा यावर आम्ही इस्पितळाच्या जिन्यात अर्धा तास बसून होतो. शेवटी मी केला. त्याच्या आईने पहिला प्रश्न विचारला, "जेवलाय का तो?" पैशांचं नंतर.

त्याचा हात आता ठीक आहे. आल्यावर त्याने पहिल्यांदा दुचाकीचं लायसन्स काढलं. बाली, गोकर्ण, कुठेही जा, पण 'ए'समोरचा तो रकाना एकदा बघा.

(गोकर्णला परमिट लागत नाही हे माहीत आहे. पण लायसन्सवर दुचाकी तिथेही लागतेच, म्हणून लिहिलं.)

सॅन होजेहून

माझा अनुभव उलटा. कॅलिफोर्नियात आईबाबा येतात तेव्हा बाबा भारतीय लायसन्सवर गाडी चालवतात. ते इंग्रजीत आहे, त्यामुळे परमिट आजवर कोणी मागितलं नाही. इंग्लंडातही मावशीकडे तेच, पाहुण्यांना बारा महिने आपलं लायसन्स चालतं. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतो, म्हणून बाबा परमिट काढून आणतातच. त्यापेक्षा त्यांना चार रस्त्यांच्या थांब्याची सवय करून द्यावी लागली. चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी, जो आधी थांबला तो आधी निघणार. बाबा सगळ्यांना हात करून 'या, या' म्हणत थांबून राहायचे आणि मागे रांग लागायची. इथे सौजन्य म्हणजे आपली पाळी आली की निघणं, हे त्यांना हळूहळू पटलं.

मिरजेहून

वय ६७. मुलगा न्यूझीलंडला असतो. माझं लायसन्स जुनं, पुस्तकी, हाताने भरलेलं, शाई उडालेली. तिथे इंग्रजी लायसन्स असेल तर परमिटची सक्ती नाही, असं मुलाने सांगितलं होतं. पण माझं लायसन्स मलाच धड वाचता येत नव्हतं, तर तिथला पोलीस काय वाचणार? सारथीवर नंबर टाकला तर नोंदच नाही. आरटीओत जाऊन जुनी नोंद आधी संगणकावर चढवून घ्यावी लागली, मग स्मार्ट कार्ड, आणि मग परमिट. दीड महिना गेला. तिथले कर्मचारी भले होते, जुनं रजिस्टर शोधून काढलं त्यांनी. त्यात माझी तरुणपणची सही बघायला मिळाली.

तिथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे अडचण आली नाही. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर एकेरी पूल फार. लाल कडेची गोल पाटी दिसली की आपण थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. निळ्या पाटीवर मोठा पांढरा बाण आपल्या दिशेने असेल तर आपण आधी. सून शेजारी बसून प्रत्येक पुलाला सांगायची, "बाबा, लाल" किंवा "बाबा, निळा". शेवटच्या दिवशी तिने सांगायचं थांबवलं.

ठाण्याहून

सासऱ्यांनी इंटरनेटवरून 'दहा वर्षांचं आंतरराष्ट्रीय लायसन्स' मागवलं होतं. प्लॅस्टिकचं, चकचकीत कार्ड, सोबत छापील पुस्तिका. ऑस्ट्रियात भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरच्या माणसाने ते नम्रपणे परत केलं. नशिबाने माझ्याकडे आरटीओचं परमिट होतं, सगळे दिवस मीच चालवली. आपल्या लायसन्सवरचं परमिट आपला आरटीओच देतो आणि एक वर्षाचंच देतो. त्याहून जास्त मुदत सांगणारा कोणीही असो, पैसे देऊ नका. वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा, त्यांनाच अशा जाहिराती जास्त दिसतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेच्या काकांचं वाचून मी माझ्या वडिलांचं लायसन्स सारथीवर तपासलं. नोंद नाही. सोमवारी जातोय त्यांना घेऊन.

दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं की परदेशात असतानाच परमिटची मुदत संपली तर काय. २०२१ पासून तिथल्या भारतीय दूतावासामार्फत नवं मागता येतं. पण म्युनिक आणि तोक्योचे अनुभव वाचलेत ना? आधी तिथला नियम तुम्हाला अजून चालवू देतोय का ते बघा.

चिपळूणहून

आज परमिट हातात आलं म्हणून लगेच लिहिते आहे. पंधरा दिवसांनी आईसलँडला निघतोय, भावाच्या कुटुंबाबरोबर, आणि दोन चालकांपैकी एक मी. तिथे रोमन लिपीतलं लायसन्स चालतं असं कळलं होतं, पण भाऊ म्हणाला काढून ठेव. वरचं सगळं काल रात्री वाचलं होतं. खिडकीवरून पुस्तिका मिळाल्यावर बाजूच्या बाकावर बसले, पासपोर्ट उघडला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर बोटाने ताडून पाहिलं. जन्मतारखेत महिना चुकलेला. ०८ च्या जागी ०३. परत खिडकीवर गेले. त्यांनी माझं लायसन्स मागितलं, तर चूक लायसन्सवरच होती, अकरा वर्षांपासून. आता उद्या शाळा सोडल्याचा दाखला घेऊन पुन्हा बोलावलंय. पंधरा दिवस आहेत, होईल असं म्हणालेत. कोणाची जन्मतारीख दुरुस्त करून झाली असेल तर किती दिवस लागले ते कृपया सांगा.