‘विमान माझं, जीव माझा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

उजळाईवाडीकर:

पायपर विमानांच्या पंखाचे बोल्ट काढून तपासायची सक्ती करणारा अमेरिकेच्या विमान नियामकाचा आदेश आहे. त्यावर परवा एका सभासदानं या मंचावर लिहिलं, "अमेरिकेत कुणाच्या तरी विमानाचा पंख तुटला म्हणून माझ्या विमानाचे बोल्ट काढायचे? हा सगळा वर्कशॉपवाल्यांचा धंदा आहे. विमान माझं, जीव माझा. दुरुस्ती कधी करायची ते मी ठरवीन." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. विमानांच्या देखभालीत माझी उमर गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

त्या पंखाची हकीकत अशी. 4 एप्रिल 2018 ला फ्लोरिडात डेटोना बीचवरून पायपर ॲरो जातीचं एक छोटं विमान उडालं. आत शिकाऊ पायलट आणि त्याची परीक्षा घेणारा. डावा पंख हवेतच सुटला, दोघेही गेले. विमान 2007 चं, म्हणजे म्हातारंही नव्हतं. स्पारच्या, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या तुळईच्या, खालच्या पट्टीत बोल्टच्या भोकापासून भेग गेली होती आणि ती जोडाच्या आत झाकलेली होती. उड्डाणाआधी विमानाभोवती कितीही फेऱ्या मारल्या असत्या तरी ती कुणाला दिसली नसती. ज्या शिकवणाऱ्या संस्थेचं ते विमान होतं तिच्याच आणखी एका विमानात तशीच भेग निघाली. जी भेग दिसतच नाही तिच्याबद्दल मालक ठरवणार तरी काय?

आणि जीव तुमचा एकट्याचा कसा? 28 जून 2018 ला घाटकोपरमध्ये किंग एअर जातीचं विमान पडलं. दोन पायलट गेले, दोन देखभालीची माणसं गेली आणि रस्त्यानं चाललेला एक जण गेला. आपल्या कोल्हापूरच्या धावपट्टीवरून उडालेलं विमान गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या शेडांवरून जातं, पोरं भरलेल्या शाळांवरून जातं. खालच्यांना कुणी विचारलंय?

तिसरा_पार्टनर:

ती पोस्ट माझीच. आम्ही तिघांनी मिळून विमान घेतलंय, कुठल्या साखरसम्राटाचं नाही. पगारातून आणि दुकानाच्या गल्ल्यातून घेतलंय.

घाटकोपरचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय काका. ते विमान दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणात पडलं. खोललेलं विमान खोलण्याआधीपेक्षा चांगलंच होऊन बाहेर येतं हे तुम्ही धरूनच चालता. मला विचारा. एका वर्कशॉपमध्ये साध्या तपासणीला दिलं, परत आलं तेव्हा एका पॅनेलचे रिव्हेट सैल आणि पंखाच्या मुळाशी स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा. मग त्या ओरखड्याची वेगळी दुरुस्ती, तिचं वेगळं बिल. भाग मागवला तर कस्टममध्ये अडकला, आला तो चुकीच्या मॉडेलचा. आख्खा उडायचा हंगाम गेला.

आणि इतिहास काढायचाच तर सगळा काढा. 1987 ला टेक्सासमध्ये याच पायपर कुळातलं विमान पाइपलाइनवर गस्त घालताना पंख तुटून पडलं. लगेच फर्मान निघालं, पंख उतरवून तपासा. शेकडो मालकांनी उतरवले. भेगा जवळजवळ कुणालाच मिळाल्या नाहीत, शेवटी आदेश मागं घेतला. ज्यांनी पैसे घातले त्यांना कुणी परत दिले? आणि ते घट्ट बसलेले बोल्ट ठोकून काढताना किती भोकं खरवडली असतील त्याचा हिशेब कुणी ठेवला?

पाचगावचा_बाप:

माझी पोरगी बाहेरगावी पायलटचं शिकते. जमीन गहाण टाकून पाठवलीय. 2023 च्या ऑक्टोबरात बारामतीजवळ चार दिवसांत शिकवणीची दोन विमानं पडली, तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नव्हती. पोरगी फोनवर हसत होती, "पप्पा, माझं विमान वेगळं आहे." वेगळं म्हणजे काय, ते तिला तरी कुठं माहीत!

तुम्ही तिघं जण रविवारी पन्हाळ्यावरून एक चक्कर मारता. ती दिवसातून कितीतरी वेळा उतरते आणि चढते, आणि प्रत्येक शिकाऊ पोरगं विमान धावपट्टीवर आपटतंच. आदेश सैल करा म्हणून तुम्ही ओरडायला लागला की तीच सूट शिकवणाऱ्या संस्था मागणार. माझी हात जोडून विनंती आहे, हे 'मी ठरवीन' बंद करा.

तिसरा_पार्टनर:

दादा, तुमच्या पोरीबद्दल वाईट वाटण्याचा प्रश्नच नाही, ती सुखरूप उडो. पण तुम्ही स्वतःच माझा मुद्दा मांडलात. शिकवणीचं विमान वेगळं, माझं वेगळं. दोघांना एकच काठी का?

उजळाईवाडीकर:

एकच काठी नाही, हेच तर सांगायचंय. आदेश वाचलाय का तुम्ही? 2018 च्या डिसेंबरात मसुदा आला, मालकांच्या संघटनांनी भरपूर हरकती घेतल्या, आणि अंतिम आदेश 2021 च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यात गणित दिलंय. 100 तासांच्या तपासण्या किती झाल्या त्या मोजा आणि 100 नं गुणा. ते तास पूर्ण धरायचे, कारण ती तपासणी भाड्याच्या आणि शिकवणीच्या विमानांना लागते. उरलेले खासगी तास 17 नं भागायचे. दोन्हींची बेरीज 5000 वर गेली तरच तपासणी. म्हणजे निव्वळ खासगी वापरात 4000 तास उडालेलं विमान हिशेबाला 235 तासांचं ठरतं. तुमच्या रविवारच्या चकरीला याच्यापेक्षा जास्त सवलत कोण देणार?

आणि पंख उतरवायचा नाही. ठरावीक बोल्ट काढून भोकात एडी करंटचा प्रोब, म्हणजे विजेच्या प्रवाहानं भेग हुडकणारी सळई, घालायची, तीही एकदाच. 1987 चा अनुभव आदेश काढणाऱ्यांनी टाकून दिलेला नाही.

ऊसवाला_कागल:

विमानाचे बोल्ट मोजताय, इकडं हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर, मागं रिफ्लेक्टर नाही की लाल दिवा नाही. माझा चुलतभाऊ तसल्याच ट्रॉलीवर मागून गाडीसकट गेला. त्याला सक्ती कोण करणार? कारखान्याच्या गेटवर ट्रॉली अडवली तर एका दिवसात सगळ्यांना रिफ्लेक्टर लागतील. पण नाही, सगळ्यांना आभाळातलंच दिसतंय.

पाचगावचा_बाप:

भाऊ, तुमचं दुःख मोठं आहे आणि मागणी शंभर टक्के बरोबर आहे. वेगळा धागा काढा, पहिली सही माझी.

शिरोली_फौंड्री:

सक्ती हवी की नको यावर तासभर भांडताय. खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पैसे कुणाचे?

गाडीत खोट निघाली तर कंपनी परत बोलावते, फुकट बदलून देते. आपल्याकडं 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात तशी तरतूद आहे. विमानात खोट निघाली की आदेश मालकाच्या नावानं आणि बिलही मालकाच्या नावानं. अमेरिकेत तर 1994 साली कायदाच केला की छोटं विमान 18 वर्षांचं झालं की अपघाताबद्दल बनवणाऱ्यावर सहसा दावा चालत नाही. सेस्ना या विमान कंपनीनं 1986 ला छोटी पिस्टन विमानं बनवायचं बंद केलं होतं, ते या कायद्यानंतर पुन्हा चालू केलं. म्हणजे बनवणारा सुटला आणि मालक अडकला.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. 2002 च्या सुमारास छोट्या विमानांच्या लायकमिंग इंजिनांच्या क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे मुख्य फिरते दांडे, तुटायला लागल्या. इंजिन कंपनीनं बोट दाखवलं फोर्जिंग, म्हणजे पोलाद तापवून ठोकून घडवायचं काम, करणाऱ्या टेक्सासमधल्या कारखान्याकडं, यांनी माल जास्त तापवला म्हणून. तो कारखाना कोर्टात गेला. 2005 ला ज्युरीनं सांगितलं, दोष फोर्जिंगचा नाही, डिझाईनचा आहे. पोलादात व्हॅनेडियम घालायचं इंजिन कंपनीनंच ठरवलं होतं. आणि 2006 ला आदेश काय निघाला? ठरावीक नंबरांच्या शाफ्ट ओव्हरहॉलला किंवा मुदतीच्या आत बदला. खिसा पुन्हा मालकाचा.

हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. आमची फौंड्री आहे. आमच्या कास्टिंगचा एक लॉट मोठ्या गिऱ्हाईकाकडं मशीनिंगनंतर क्रॅक गेला. दुसऱ्या दिवशी डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद, आख्ख्या लॉटची, वर मशीनिंगचा खर्च आणि त्यांची लाइन थांबल्याचा दंड. कुठल्या भट्टीतला माल ते सांगणारे हीट नंबर दाखवले, टेस्ट सर्टिफिकेट दाखवली, कोपऱ्याची गोलाई (रेडियस) वाढवा म्हणून आधीच पाठवलेलं पत्र दाखवलं. ऐकायला कुणी तयार नाही. सहा महिन्यांनी ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली, त्यात तोच रेडियस वाढवलेला. डेबिट नोट मात्र तशीच राहिली. वडिलांनी त्या वर्षी कामगारांचा बोनस द्यायला आईचे दागिने मोडले.

उद्यमनगर_लेथ:

दादा, काळजाला हात घातलात. आमच्याकडंही तेच. रिजेक्शन आलं की वेंडर, बक्षीस मिळालं की कंपनी. मशीनवर साइज बरोबर असताना त्यांच्या गेजची कॅलिब्रेशनची तारीख उलटलेली निघाली, तरी माल परत आला आणि भाडं आमच्या माथी.

तिसरा_पार्टनर:

बघा! मी 'धंदा' म्हटलं तर अंगावर आला होता.

उजळाईवाडीकर:

फौंड्रीवाले दादा, तुमच्यावर झालेला अन्याय खरा आहे. पण सांधा चुकतोय. चूक डिझाईनची असो नाहीतर भट्टीची, तुटकी क्रँकशाफ्ट हवेत कुणाचं ऐकत नाही. खर्च कुणी भरायचा हे कोर्टात ठरायला वर्षं जातात. तोवर विमान उडवायचं का?

शिरोली_फौंड्री:

उडवू नका असं मी म्हटलंय का? नीट वाचा! खर्चाची जबाबदारी ठरल्याशिवाय सक्ती म्हणजे दुबळ्याच्या डोक्यावर दगड, एवढंच म्हणतोय. आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशानं विमानं खोललेल्या माणसाला ते कळायचं नाही.

उजळाईवाडीकर:

ही भाषा बरी नाही. दुसऱ्याच्या पैशानं खोलली, पण सही माझी असायची. बाहेर पडलेल्या प्रत्येक विमानाची रात्र मी जागून काढलीय. ज्या विमानाच्या कागदावर माझी सही असायची त्यात बसणारा माणूस मला चेहऱ्यानं माहीत असायचा.

एनडीटी_गोकुळशिरगाव:

भांडण बाजूला ठेवून एक तांत्रिक गोष्ट. वर लिहिणाऱ्यांपैकी एका मित्रानं मला फोन करून विचारलं, तुमच्याकडं मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (चुंबक लावून भेग शोधायची) आहे, तीच स्पारला करून द्या, स्वस्तात होईल. होणार नाही. स्पार ॲल्युमिनियमचा, त्याला चुंबक धरत नाही. डाय पेनेट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारा रंग, लावायचं तर भेग पृष्ठभागावर उघडलेली हवी आणि त्या जागेपर्यंत हात आणि नजर पोचायला हवी. बोल्टच्या भोकात आतल्या भिंतीला असलेली बारीक भेग शोधायला एडी करंटच लागतं, आणि ज्याला त्या कामाचं प्रमाणपत्र आहे तोच माणूस लागतो. आमची लॅब कास्टिंगची आहे, विमानाला आम्ही हात लावणार नाही. कुणी 'करून देतो' म्हणालं तर त्याच्याकडं विमान नेऊ नका.

दुसरं, तास कमी म्हणून निर्धास्त राहू नका. 2019 ला ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ सेस्ना 210 चा पंख तुटला, दोघे गेले. तिथं भेग सुरू झाली ती गंजाच्या एका खड्ड्यापासून. पुढच्या वर्षी आदेश आला तो तपासणीचा आणि गंजरोधक लेपाचा. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय पाऊस असतो ते कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. हँगरबाहेर ताडपत्रीखाली उभं असलेलं विमान उडालं नाही तरी गंजतं.

पाचगावचा_बाप:

हे बरं सांगितलंत. म्हणजे पोरीनं काय विचारावं तिथं?

उजळाईवाडीकर:

ज्या विमानात बसणार त्याच्या आदेशांची यादी आणि पूर्ण झाल्याच्या नोंदी दाखवा म्हणावं. आणि सेस्ना असेल तर सीट रेलची, म्हणजे सीट ज्या पट्ट्यांवर मागं-पुढं सरकते त्यांची, नोंद बघायची. उड्डाण करताना सीट मागं घसरते, पायलटचा हात स्टिअरिंगला आणि पाय रडरला पुरत नाही, अशी माणसं गेलीत. 1987 पासून आदेश आहे, 2011 ला नव्यानं काढला, दर 100 तासांनी रेलची भोकं किती झिजलीत ते मोजायचं. त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही. तरी तो टाळणारे मी पाहिलेत. सक्ती नसती तर किती जणांनी मोजलं असतं?

शिरोली_फौंड्री:

सीट रेलचं मान्य. ज्याला खर्च नाही त्याची सक्ती करा, माझी तक्रार नाही. काका, सहीबद्दल जे म्हणालात तेही मान्य, मघाशी जास्त बोललो. पण क्रँकशाफ्टसारखी डिझाईनची खोट निघाली की आदेशाच्या कागदावरच 'खर्च उत्पादकाचा' असं यायला हवं. त्यावर मी हटणार नाही.

उजळाईवाडीकर:

त्यावर मी तुमच्या बाजूला उभा आहे. फक्त तोवर आदेश थांबवायचा नाही.

तिसरा_पार्टनर:

रात्री लॉगबुकं काढून बसलो. आमच्या आधीच्या मालकाकडं विमान कितीतरी वर्षं शिकवणीला होतं, हे घेताना कळलं होतं, पण त्याचा असा हिशेब लागतो हे आमच्या इंजिनिअरनं कधी सांगितलं नाही. एकूण 7200 तास. त्यात 100 तासांच्या 52 तपासण्या. म्हणजे 5200, अधिक उरलेल्या 2000 चे 17 नं भागून 118. एकूण 5318.

बोल्ट काढतोय. काका, तुम्ही जिंकलात असं समजू नका, 'धंदा' हा शब्द मी मागं घेत नाही, कारण तो ओरखडा अजून पंखावर आहे. बोल्ट काढताना तुम्ही समोर उभे राहणार असाल तर तारीख तुमच्या सवडीनं ठरवतो. फौंड्रीवाले दादा, उत्पादकाला खर्च मागणारं पत्र तुम्ही लिहून द्या, तिघांच्याही सह्या देतो.