राजकारणातल्या बाईने रेड क्रॉस चालवावी का?

छावणीवाली (इंदूर):
परवा आमच्या महिला मंडळात या विषयावर चांगलीच जुंपली, म्हणून इथे मांडते. नॉर्वेच्या आस्त्रिद हायबर्ग मनोविकारतज्ज्ञ, कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या खासदार, १९८६ मध्ये काही दिवस मंत्री. पुढे १९९७ ते २००१ देशोदेशीच्या रेड क्रॉस-रेड क्रेसेंट संस्थांच्या महासंघाच्या अध्यक्ष, त्या पदावरच्या पहिल्या महिला. माझं मत ठाम आहे, या कामाला राजकारणात मुरलेलीच बाई हवी. पूर आला की मध्यरात्री कोणत्या मंत्र्याला उठवायचं, हे तिला शिकवावं लागत नाही.

माजी सिस्टर:
ताई, नाही पटलं. रेड क्रॉसची सात तत्त्वं १९६५ साली व्हिएन्नात ठरली, त्यात तटस्थता आहे. ती मनात असून भागत नाही, समोरच्याला दिसावी लागते. इथल्याच एका रक्तदान शिबिरात मी बीपी तपासत होते. ऐन वेळी खाटांच्या मागे एका पुढाऱ्याचा बॅनर लागला. बाही वर सारून बसलेल्या मुलाने तो पाहिला, बाही खाली केली, फॉर्मची घडी खिशात घातली. "सिस्टर, पुढच्या वेळी," म्हणाला आणि गेला. इथे एक पिशवी गेली. लढाईच्या मुलखात अख्खं गाव दार लावून घेईल.
जपानच्या सादाको ओगाता बघा. प्राध्यापक होत्या, पुढारी नव्हत्या. १९९१ ते २००० संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त. १९९१ मध्ये तुर्कस्तानने सीमा बंद केली, इराकी फौजेपासून पळालेले कुर्द लोक इराकमध्येच अडकले. सीमा न ओलांडलेले, म्हणजे नियमाने निर्वासितच नव्हेत. तरी बाईंनी मदत आत नेली.

छावणीवाली:
ओगातांचे पणजोबा इनुकाई जपानचे पंतप्रधान, १९३२ मध्ये त्यांची हत्या झाली. राजकारण घरातच होतं की! आणि बॅनरवाला पुढारी नि मंत्रिपद मागे टाकून आलेली बाई एका मापाने कसं मोजता?

राजवाड्याचे काका:
आपल्या राजकुमारी अमृत कौर विसरलात? १९४७ ते १९५७ केंद्रात आरोग्यमंत्री, भारतीय रेड क्रॉसच्या अध्यक्षही. सिमल्याचं स्वतःचं घर त्यांनी एम्सला देऊन टाकलं.

माजी सिस्टर:
काका, त्यांच्या त्यागापुढे मी हात जोडते. पण मंत्रीही त्याच, अध्यक्षही त्याच. सरकारचं चुकलं तर रेड क्रॉसतर्फे बोलायचं कोणी?

छावणीवाली:
दोन्ही खुर्च्या एकदम नकोत, हे मान्य. मंत्रिपद सोडून आलेलीला तरी दार उघडाल ना?

माजी सिस्टर:
उघडीन. सोडून किती वर्षं झाली, ते आधी विचारीन.