अंतुलेंना पेपरने घालवलं त्यात कोकणाचं नुकसान झालं का? शोधपत्रकारितेने नेमकं सुधारतं तरी काय?

म्हसळेकर

आमच्या म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यात सत्तरीच्या वरचा कुठलाही माणूस गाठा आणि अंतुले साहेबांचं नाव काढा, हे वाक्य येणारच: "कोकणातला माणूस मुख्यमंत्री झालेला मुंबईच्या पेपरवाल्यांना बघवला नाय." मला ते पटत नाही, म्हणून धागा काढतोय. शिव्या घालायच्या तर घाला.

नवीन पोरांसाठी थोडक्यात. बॅ. अंतुले, आंबेतचे, जून 1980 ला मुख्यमंत्री झाले. तेव्हा सिमेंट कंट्रोलमध्ये होतं, सरकार देईल तेवढंच मिळायचं. 31 ऑगस्ट 1981 ला अरुण शौरींनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये छापलं की ट्रस्टला देणगी द्या आणि सिमेंटचा कोटा घ्या असा धंदा चाललाय, आणि त्यातल्या मुख्य ट्रस्टचं नाव इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. पी. बी. सामंत आणि इतर लोक हायकोर्टात गेले, जानेवारी 1982 मध्ये न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला, अंतुलेंना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी शौरींना मॅगसेसे.

आता माझं म्हणणं. आमच्या आजोबांनी त्याच सुमारास घर बांधलं. चिरे गावच्याच खाणीतले, सिमेंट लागणार होतं ते फक्त मोरीला आणि पाण्याच्या टाकीला. त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज, तलाठ्याचा दाखला, मग परमिट, आणि परमिट घेऊन दुकानात गेलं की "माल आला नाय". तो परमिटाचा कागद पिवळा पडलेला अजून ट्रंकेत आहे, दहा गोणी मंजूर आणि पुढे पेन्सिलीने पाच मिळाल्याची खूण. मुंबईत देणगी देऊन ज्या गोण्या जात होत्या त्या ह्याच रांगेतल्या होत्या ना? मग शौरींनी कोकणाचं वाईट केलं की आमच्या आजोबांचं काम केलं? फेब्रुवारी 1982 ला केंद्राने कंट्रोल अर्धा उठवला, 1989 ला पूर्ण गेला. आज कोपऱ्यावरच्या दुकानात कुठलीही गोणी मिळते. आणि हे नुसत्या बातमीने झालं असं मी म्हणतच नाही, बातमी एकटी काही करत नाही, तिच्या मागून कागद घेऊन कोर्टात जाणारा माणूस लागतो. पुरस्कार मात्र बातमीला मिळतो, त्या माणसाला कोणी नारळसुद्धा देत नाही.

चाकरमानी दादर

अर्धीच गोष्ट सांगितलीत साहेब. त्या दीड वर्षात अंतुलेंनी काय केलं ते पण लिहा की. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला, नाहीतर दोडामार्गच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी रत्नागिरी गाठायला लागायची, जायला एक दिवस यायला एक दिवस. कुलाब्याचं रायगड केलं. संजय गांधी निराधार योजना त्यांचीच, आमच्या वाडीतल्या किती म्हाताऱ्या त्या पैशावर जगल्या. भवानी तलवार लंडनहून आणतो म्हणाले ती काय आली नाय ते जाऊदे.

आणि सुधारणा कसली? सिमेंटची टंचाई इतकी होती की कंट्रोल कधी ना कधी उठणारच होता, त्याचं श्रेय बातमीला कशाला? केस वर्षानुवर्षं चालली, 1984 ला सुप्रीम कोर्टाने एक सांगितलं, 1988 ला सात जजनी आपलाच आधीचा आदेश फिरवला, शिक्षा अशी झालीच नाही. लोकांनी 1989, 1991, 1996, 2004 ला खासदार केलं, दोनदा केंद्रात मंत्री झाले. आणि ज्यांना मॅगसेसे मिळाला ते पुढे वाजपेयी सरकारात मंत्री! मग आम्ही कोणाला निःपक्ष म्हणायचं ते सांगा.

पिंपळपार

निवडून आला म्हणजे निर्दोष हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? आणि शौरी मंत्री झाले 1998 नंतर. 1981 ची बातमी खरी की खोटी ते त्यावरून कसं ठरणार.

गुहागर गाडी

एक दुरुस्ती, कोकणातला पहिला मुख्यमंत्री अंतुले नाहीत, पी. के. सावंत 1963 ला होते.

म्हसळेकर

@गुहागर गाडी ते हंगामी हो, मारोतराव कन्नमवार गेल्यावर थोडे दिवस. आणि मी पहिला म्हटलेलंच नाही.

@चाकरमानी जिल्हा दिला, मान्य. निराधार योजना, मान्य, माझी मावशी घेत होती. पण चांगलं काम केलं म्हणून गोणीमागे पैसे घ्यायची मुभा मिळते का? हा हिशोब आपण कोकणातले लोक फार पटकन लावतो. आपला आहे ना, मग खाऊदे.

सड्यावरचा

तुम्ही 1981 मध्ये अडकलात. राजापूरला या. महानगरी टाइम्सचे पत्रकार शशिकांत वारिशे बारसू रिफायनरीच्या जमिनींच्या व्यवहारांवर आणि त्यातल्या माणसांवर लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर थार जीप घातली. दुसऱ्या दिवशी गेले. ज्याच्यावर बातमी होती त्यालाच अटक झाली, आधी साधा गुन्हा, ओरड झाल्यावर खुनाचं कलम, मग एसआयटी, म्हणजे पोलिसांचं विशेष तपास पथक. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्राने 2017 ला कायदा केलाय, तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. त्या कायद्याने गाडी थांबली का?

दिल्ली-मुंबईचा पत्रकार लिहितो तेव्हा त्याच्या मागे मालक असतो, वकील असतो. तालुक्याच्या बातमीदाराच्या मागे फक्त त्याची बायको असते, ती पण सांगत असते की नका लिहू. एवढी जमीन प्रकल्प जाहीर व्हायच्या आधी बाहेरच्यांनी कशी घेतली हा प्रश्न गावातल्या माणसाने विचारला, आणि पुरस्कारांच्या यादीत अशा माणसाचं नाव येतं ते फोटोला हार घातल्यावर.

वेंगुर्ल्याचो खाजा

माका येक सांगा, मालवणात राजकोटचो पुतळो पडलो तेवा खंयचो शोधपत्रकार होतो? 4 डिसेंबर 2023 क उद्घाटन, 26 ऑगस्ट 2024 क पुतळो खाली. नऊ म्हयने नाय धड. मदी कोणी गंजलेले नटबोल्ट बगूक गेलो नाय? पडल्यार मातर सगळे कॅमेरे घेवन किल्ल्यार. पडल्यावर कोण पण शोधता रे बाबा.

गुहागर गाडी

खाजाभाऊंनी बरोबर नस पकडली. आपल्याकडे सुधारणा बातमीने होत नाही, मढी पडल्यावर होते. सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 ला रात्री गेला, दोन एस्ट्या वाहून गेल्या, आणि मग नवीन पूल वर्षाच्या आत उभा. म्हणजे करता येत होतं! तोच मुंबई-गोवा हायवे, चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, दर गणपतीला पेपरात खड्ड्यांचे फोटो, दर गणपतीला मंत्र्यांचा पाहणी दौरा. कुठे काय हललं? तिवरे धरण, 2 जुलै 2019. गळती आहे म्हणून गावकरी आधीपासून ओरडत होते. फुटल्यावर मंत्री काय म्हणाले आठवतंय ना, खेकड्यांनी फोडलं.

चाकरमानी दादर

आणि सिंचन घोटाळा घ्या की. सत्तर हजार कोटी खर्च आणि दहा वर्षांत सिंचन वाढलं 0.1 टक्के, हे तर सरकारच्याच 2011-12 च्या आर्थिक पाहणीतून निघालं. पेपरांनी रान उठवलं, चॅनेलवर तेच. सप्टेंबर 2012 ला अजितदादांचा राजीनामा, डिसेंबरला परत उपमुख्यमंत्री. आपल्याकडचं कर्जतचं कोंढाणे धरण, पेणचं बाळगंगा धरण, लाचलुचपतवाल्यांचे (एसीबी) गुन्हे दाखल. तुमच्या शेतात पाणी आलं का?

दाभोळ धक्का

मी वेगळंच बोलतो, लोकांना राग येईल. शोधपत्रकारिता म्हणून जे चाललंय त्यातलं बरंचसं वसुली आहे. आमच्या खाडीत वाळूच्या रॅम्पवर दोन पोरं येतात, गळ्यात कार्ड, हातात माइकचं बोंडूक, रात्रीचे डंपर शूट करतात, आणि ती क्लिप यूट्यूबवर टाकायच्या आधी मालकाला व्हॉट्सॅपवर जाते. बातमी लागतच नाही. लागली तर समजायचं सौदा फिसकटला. म्हणजे जी बातमी छापून येते ती उघड झालेली लाच नसते, न मिळालेली लाच असते.

आणि मोठे पेपर काय धुतल्या तांदळाचे? 2009 च्या विधानसभेला तीन मराठी दैनिकांत मुख्यमंत्र्यांचं कौतुक जवळपास शब्दाला शब्द सारखं छापून आलं होतं. ते पी. साईनाथ यांनी हिंदूमध्ये बाहेर काढलं, त्यांना 2007 चा मॅगसेसे आधीच मिळालेला.

पिंपळपार

@दाभोळ धक्का मग तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध गेलं. पत्रकारांची चोरी पत्रकारानेच पकडली ना?

दाभोळ धक्का

पकडली. मग? पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, बंद झाली का? प्रेस कौन्सिलने समिती नेमली, समितीने अहवाल दिला. आता त्या सौद्याला पॅकेज म्हणत नाहीत एवढाच फरक.

देवगड लोकल

मी नऊ-दहा वर्षं तालुका बातमीदार होतो, आता आंब्याच्या पेट्यांचा धंदा आहे, त्यामुळे बिनधास्त लिहितो. दाभोळवाले बोलतायत ते खोटं नाही, पण हे असं का होतं तेही समजून घ्या.

तालुका बातमीदाराला पगार नसतो. मानधन म्हणून जे मिळतं त्यात पेट्रोल सुटत नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. आणि तालुक्यात जाहिरात देणारे कोण? सराफ, एखादी पतसंस्था, ठेकेदार, आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. दर 6 जानेवारीला पत्रकार दिन, पोंभुर्ल्यात बाळशास्त्री जांभेकरांना हार घालायचा (दर्पण त्यांनी 1832 ला ह्याच तारखेला काढला, गाव आमच्याच तालुक्यात), आणि त्याच दिवशीच्या विशेषांकात अर्ध्या अर्ध्या पानाच्या शुभेच्छा ठेकेदारांच्या.

आता असा एक रस्ता घ्या. वाडीतला, दीडेक किलोमीटर, एका पावसात कार्पेट उचकटून गटारात. मी पट्टी घेऊन गेलो, रस्त्याच्या कडेला खणून जाडी मोजली, चार ठिकाणी, फोटो काढले. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून, अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर आणि एमबीची प्रत मागितली. एमबी म्हणजे मापपुस्तक, शाखा अभियंत्याने प्रत्यक्ष मोजून लिहायचं असतं, त्यावर बिल निघतं. तीस दिवस झाले उत्तर नाही. पहिलं अपील केलं. मग "कागदपत्रांचा शोध सुरू आहे". शेवटी प्रत आली ती बघून हसावं की रडावं, सगळ्या साखळीवर (म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक मोजायच्या टप्प्यावर) एकच जाडी, शेवटपर्यंत, मिलिमीटरचाही फरक नाही. कातळावर, उतारावर, मोरीवर तीच. टेबलावर बसून लिहिलेली एमबी ही अशीच दिसते, मोजलेल्या रस्त्याची मापं कधी सारखी येत नाहीत.

बातमी लागली, पान तीनवर. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन, पुढच्या अंकाच्या दोन जाहिराती कॅन्सल झाल्या, त्या मीच आणलेल्या, म्हणजे कमिशनही माझंच बुडलं. पण म्हसळेकर म्हणतात तसं एकाने पुढे कागद उचलला. वाडीतल्या एका निवृत्त मास्तरांनी ती एमबी आणि माझे फोटो जोडून गुणनियंत्रणाकडे, म्हणजे कामाचा दर्जा तपासणाऱ्या विभागाकडे, तक्रार केली, प्रत कार्यकारी अभियंत्याला, आणि महिन्या-महिन्याला जाऊन बसायचे. ठेकेदाराची अनामत दोषदायित्व कालावधीसाठी अडकलेली असते हे कोणालाच माहीत नव्हतं, त्या काळात रस्ता खराब झाला तर त्याने स्वतःच्या पैशाने करून द्यायचा असतो. मास्तरांनी कराराची पानं काढून तेच कलम पुढे धरलं. एप्रिलमध्ये रोलर परत आला. बातमीवर कोणी निलंबित झालं नाही, कोणी पकडलं गेलं नाही, रस्ता मात्र झाला.

सड्यावरचा

देवगड, हे तुम्ही केलंत म्हणून मान, पण दीड किलोमीटरवर ठेकेदार फार तर जाहिरात काढतो. हजारो एकरांचा प्रश्न विचारलात तर काय काढतील ते राजापूरने बघितलंय.

चाकरमानी दादर

मला सांगा, ह्यात पत्रकाराचं श्रेय किती आणि मास्तरांचं किती? मास्तर थेट माहिती अधिकार टाकून तक्रार करू शकले असते. पेपर हवाच कशाला?

देवगड लोकल

करू शकले असते, पण त्यांना माहीत नव्हतं की एमबी नावाची वस्तू असते. मला पण एका जुन्या ओव्हरसियरने चहा पिताना सांगितली म्हणून कळली. ओव्हरसियर स्वतः पुढे येणार नाही, त्याला पेन्शन घ्यायचीय. मास्तर ऑफिसात जाऊन बसू शकतात, त्यांना कोणाची जाहिरात नकोय. आणि पान तीनवर छापून आल्याशिवाय गुणनियंत्रणवाल्यांनी मास्तरांना खुर्ची दिली नसती, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आधी ते दारात उभेच असायचे.

म्हसळेकर

मी हेच बोंबलतोय पहिल्यापासून. शौरींना सुद्धा आतला कोणीतरी कागद देणारा असणारच की.

दाभोळ धक्का

बरं मग तालुक्याचा पेपर चालवायचा कोणी? वर्गणी भरणार आहात का? आमच्याकडे एका दुकानात एक अंक येतो आणि वीस जण वाचून जातात, त्यात मी पण.

वेंगुर्ल्याचो खाजा

आमच्याकडे तर त्याच अंकात खाजा बांधून देतत.

चाकरमानी दादर

वर्गणी मी भरेन, पण मग त्या पेपरात पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं पान दिसलं तर पैसे परत मागणार.

देवगड लोकल

मग दादर, पहिल्याच महिन्यात मागावे लागतील.