‘कू’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? उठाव, सत्तापालट, तख्तापलट…

मास्तर_दारव्हा
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेचा क्लास घेतो, चालू घडामोडीच्या नोट्स मीच टाइप करतो. म्यानमारवर लिहिताना इंग्रजीतल्या “कू”साठी (coup, म्हणजे सैन्यानं बळानं सत्ता बळकावणं) “१ फेब्रुवारी २०२१ ला लष्करी उठाव झाला” असं लिहिलं, तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणे, सर, उठाव तर १८५७ चा, बिरसा मुंडांचा, तो जुलमी सत्तेच्या विरोधात असतो, इथं तर लोकांनी निवडून दिलेल्यांनाच सैन्यानं उचलून आत टाकलं, मग हा उठाव कसा? मी म्हटलं पेपरात असंच छापून येते. ती म्हणे मग पेपरवाल्यांना विचारा. वर्ग खो खो हसला, पण मुद्दा डोक्यातून जात नाहीये.

दुसरी अडचण त्याहून जड आहे. परराष्ट्र खात्याच्या इंग्रजीत पायऱ्या असतात, आधी कन्सर्न, मग डीप कन्सर्न, मग डिप्लोर, मग कंडेम. मराठीत सगळ्याला सरसकट “निषेध” ठोकून देतात. भारतानं त्या दिवशी निषेध केलाच नव्हता, “डीप कन्सर्न” एवढंच म्हटलं होतं. मग जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला तर ११९ देश बाजूनं, एकटा बेलारूस विरोधात, ३६ तटस्थ, अन् त्या तटस्थांत चीन, रशिया आणि आपणही. आता पोरांना हा फरक मराठीत कसा समजावायचा? “खोल चिंता” लिहू का? ते तर विहिरीत पडल्यासारखं वाटते.

शुद्धमती
“उठाव” चूकच आहे. “सत्तापालट” हा चांगला मराठी शब्द असताना वाद कशाला. आणि कृपा करून “तख्तापलट” नको, ती हिंदी चॅनेलांची देणगी आहे. डीप कन्सर्न = तीव्र चिंता. संपला प्रश्न.

वऱ्हाडी_ठेचा
कसा संपला बाप्पा? सत्तापालट त इलेक्शननंही होते ना. आमच्या गावात दर पाच वर्षानं सत्तापालट होते ग्रामपंचायतीत, कोनी बंदूक घेऊन येत नाई, लय झालं त मटन घेऊन येते. सैन्यानं केलं थे येगळं अन् मतानं केलं थे येगळं, दोघालेही एकच शब्द कसा चालीन?

शुद्धमती
म्हणून “लष्करी सत्तापालट” म्हणायचं. विशेषण लावा.

माजी_वार्ताहर_वाशीम
मी तालुका वार्ताहर होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. ऑक्टोबर १९९९ मध्ये मुशर्रफनं नवाझ शरीफना हटवलं तेव्हा आमच्या पेपरात पहिल्या पानावर “पाकिस्तानात लष्करी क्रांती” असंच छापलं होतं, आणि आत “रक्तहीन क्रांती”. कोणाला काही खटकलं नाही, तेव्हा क्रांती म्हणजे उलथापालथ एवढाच अर्थ घ्यायचे लोक. आता क्रांती म्हटलं की पोरांना फुले दाम्पत्य नाहीतर फ्रान्स आठवते, म्हणून तो शब्द मागे पडला असावा.

आणखी एक गंमत, मुशर्रफनं स्वतःला राष्ट्राध्यक्ष नाही म्हणवलं सुरुवातीला, “चीफ एक्झिक्युटिव्ह” म्हणवलं. आमच्या डेस्कवर त्याचं “मुख्य कार्यकारी अधिकारी” झालं. दुसऱ्या दिवशी एक ग्रामसेवक मला चहाच्या टपरीवर विचारते, का हो, हा कोणत्या जिल्हा परिषदेचा सीईओ?

आणि त्या आठवड्यात राष्ट्रकुलानं पाकिस्तानला निलंबित केलं, म्हणजे परिषदा-बैठकांमधून बाजूला बसवलं, सदस्यत्व काही काढून घेतलं नव्हतं. पण हेडिंगमध्ये “राष्ट्रकुलातून हकालपट्टी” असं गेलं कारण तीन कॉलमात तेच बसत होतं. सार्कची काठमांडूची परिषद होती नोव्हेंबरात, भारतानं मुशर्रफबरोबर बसायला नको म्हटल्यावर ती पुढे ढकलली गेली, ती बातमी मात्र आत सातव्या पानावर. माझ्या मते खरी प्रतिक्रिया तीच होती.

मास्तर_दारव्हा
वा काका, निलंबन आणि हकालपट्टीचा फरक नोट्समध्ये घालतो. पण मूळ शब्दाचं काय?

अनुवादिनी_वर्धा
सर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा, तिनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी याच विषयाचे अहवाल मराठीत आणते म्हणून जरा लांब लिहिते. तुम्ही आम्ही शब्दावर भांडतो ते ठीक, पण या विषयात सरकारंही शब्दावरच भांडतात आणि तिथे पैसे अडकलेले असतात. अमेरिकेच्या कायद्यात कलम आहे की रीतसर निवडून आलेल्या सरकारप्रमुखाला लष्करी कूनं हटवलं तर त्या देशाची मदत थांबवायची. मग काय करतात, तर तो शब्दच उच्चारत नाहीत. इजिप्तमध्ये ३ जुलै २०१३ ला लष्करप्रमुख सिसींनी निवडून आलेले अध्यक्ष मोर्सी यांना हटवलं, वर्षाला १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत होती, तर अमेरिकेनं म्हटलं हा कू आहे की नाही हे ठरवायला आम्ही बांधील नाही. आफ्रिकन युनियन या आफ्रिकी देशांच्या संघटनेनं मात्र दोनच दिवसांत इजिप्तला निलंबित केलं. होंडुरासमध्ये जून २००९ ला अध्यक्ष सेलाया यांना सैनिकांनी पहाटे घरातून उचललं, अंगावरच्या पायजम्यानिशी विमानात घालून कोस्टारिकात नेऊन सोडलं. आमसभेनं दोन दिवसांत त्याला कू म्हणून निषेधाचा ठराव केला, अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेनं आठवडाभरात निलंबित केलं, ओबामाही तोंडी कू म्हणाले, आणि तरी त्या कायद्यातला “लष्करी कू” असा शिक्का वॉशिंग्टननं शेवटपर्यंत मारला नाही. नायजरला तर अध्यक्ष बझूम यांना जुलै २०२३ मध्ये कोंडलं आणि अमेरिकेनं कू हा शब्द वापरला ऑक्टोबरात. का, तर तेव्हा तिथे त्यांचे हजारभर सैनिक आणि आगादेझचा ड्रोन तळ होता.

आणि करणाराही म्हणत नाहीच. झिम्बाब्वेत २०१७ ला एक मेजर जनरल टीव्हीवर येऊन सांगत होता की हे लष्करी सत्ताग्रहण नाही, आम्ही फक्त अध्यक्षांच्या आसपासच्या गुन्हेगारांच्या मागे आहोत. अध्यक्ष घरात कोंडलेले!

म्हणून मला मराठीत असा शब्द हवा आहे की ज्यात आरोप आहे. सत्तापालटमध्ये आरोप नाही, हवामान बदलल्यासारखं वाटतं. उठावात तर उलट कौतुक आहे.

वऱ्हाडी_ठेचा
ताई कौतुकावरून आठवलं, २०२२ मदे आपल्याच मुंबईत आमदार सांगत होते का आमी बंड नाई केलं, आमी उठाव केला. मंजे त्याईले बरोबर मालूम होतं कोनता शब्द गोड लागते थे.

शुद्धमती
राजकारण नको.

वऱ्हाडी_ठेचा
धागा कायचा हाये मंग, लोनच्याचा?

आफ्रिका_डेस्क
आफ्रिकन देशांनी २००० च्या लोमे जाहीरनाम्यात हा घोळ मिटवलाय, कूसकट सगळ्यालाच “घटनाबाह्य सत्तांतर” म्हणायचं. मराठीतही चपखल बसतं. घटनेबाहेर जाऊन सत्ता घेतली की निलंबन, भाडोत्री सैनिक असोत, बंडखोर असोत की हरूनही खुर्ची न सोडणारा अध्यक्ष असो.

अनुवादिनी_वर्धा
चपखल आहे, पण म्यानमारच्या सैन्यानं त्यांच्याच २००८ च्या घटनेचं कलम ४१७ दाखवून आणीबाणी लावली होती. ते म्हणणार आम्ही घटनेतच आहोत. सुरक्षा परिषदेच्या ४ फेब्रुवारीच्या निवेदनातही कू शब्द नव्हता, लष्करानं लादलेली आणीबाणी असंच होतं. आणि हा शब्द वर्गात फळ्यावर लिहायला ठीक, तोंडात बसत नाही.

वनरक्षक_निवृत्त_कुरखेडा
मी उशिरा आलो, नातवानं धागा दाखवला. तुम्ही सगळे कू कू करून राहिले म्हणून सांगतो, आमच्या खात्यात आयुष्यभर “कूप” शब्द वापरला. जंगलाचे भाग पाडतात, यंदा या कूपाची तोड, पुढच्या वर्षी त्या कूपाची. कूप क्रमांक, कूपाची हद्द, झाडावर घनाचा मार्का. आमचे साहेब सांगत की हा शब्द विहिरीच्या कूपातला नाही, फ्रेंच आहे, कारण इंग्रजांचे जंगल अधिकारी पूर्वी फ्रान्समध्ये नान्सीच्या शाळेत शिकून यायचे. तुमचा कू अन् आमचा कूप एकच तर नाही?

अनुवादिनी_वर्धा
काका!! दंडवत. एकाच घरातले आहेत. फ्रेंचमध्ये “कू” म्हणजे घाव, तडाखा, त्यावरूनच “कूपे” म्हणजे तोडणे, आणि तोडीचा पट्टा तो “कूप”. “कू देता” म्हणजे राज्याचा घाव असा काहीसा अर्थ. म्हणजे गडचिरोलीच्या जंगलात हा शब्द आपल्याकडे कधीचाच आलेला आहे.

शुद्धमती
आमच्याकडे कूप म्हणजे काट्याचं कुंपण. कूपमंडूक संस्कृत. तिन्ही वेगळे. आता काय “लष्करी कूप” लिहायचं का?

वऱ्हाडी_ठेचा
लिहा ना. आमच्या इकडंही कुपाटीले कूप म्हंतात, शेताचं राखन करते थे. मंग एक दिवस कूपच शेत खाते. म्हनच हाये ना, कुंपनानंच शेत खाल्लं. सैन्यानं सरकार खाल्लं त याच्यापेक्षा नेमकं अजून काय पाह्यजे तुमाले?

मास्तर_दारव्हा
ठेचाभाऊ, हे जबरदस्त आहे पण परीक्षेत लिहिता येत नाही. निषेध-चिंतेच्या पायऱ्यांचं कोणी बोला ना.

शेतकरीण_पुसद
पायऱ्यांचं मी सांगते, मी ग्रामपंचायत सदस्य होते, निवेदनं लिहिण्यात आयुष्य गेलं. तहसीलदाराला द्यायच्या कागदावर नुसता “निषेध” लिहिला तर तो कागद वाचतही नाहीत. “जाहीर निषेध” लिहा, “तीव्र निषेध” लिहा, मग बाबू मान वर करतो. म्हणजे निषेधाची किंमत आपणच उतरवली. त्याच्या वर “धिक्कार”, तो मोर्चातच चालतो. खाली “नाराजी” आणि “नापसंती”. मास्तर, तुमच्या डिप्लोरला “तीव्र नापसंती” लावा. “खेद” लावू नका, खेद म्हणजे आपणच काहीतरी केलं आणि वाईट वाटलं.

आणि हिंदी बातम्यांत “कडी निंदा” ऐकते तेव्हा हसू येतं. आमच्याकडे निंदायला बाया लागतात, रोजी द्यावी लागते, तेव्हा कुठे तण निघते.

शुद्धमती
ताई, निंदणे (तण काढणे) आणि निंदा (संस्कृत निंद्) यांचा संबंध नाही. हिंदीत तर “निषेध” म्हणजे मनाई, मद्यनिषेध म्हणतात तो. मूळ अर्थ तोच आहे, आपण मराठीत “विधिनिषेध” मध्ये तो राखलाय, बाकी सगळीकडे बिघडवलाय.

शेतकरीण_पुसद
बिघडवला कसा? सगळे मराठी लोक तोच अर्थ घेतात तर तोच अर्थ. तुम्ही मोर्चात “मनाई असो” म्हणणार का?

माजी_वार्ताहर_वाशीम
तख्तापलटवरून एक राहिलं. लोकांना वाटते त्यात तख्त म्हणजे सिंहासन आहे. पण हिंदीत “तख़्ता” पलटतो, तख़्ता म्हणजे फळी, लाकडाचा पाट. तख्त वेगळं, तख्ता वेगळा, दोन्ही फारसीच. आमच्या घरी ओसरीवर तखत होतं, त्यावर आजोबा झोपत.

शुद्धमती
म्हणजे तो शब्द मराठीत आणखीच निरर्थक. धन्यवाद.

माजी_वार्ताहर_वाशीम
निरर्थक कसा, आपला भिंतीवरचा “तक्ता” तोच तर आहे. पाढ्यांचा तक्ता. शब्द घरात असून ओळख दाखवत नाही तुम्ही.

पोटे_पाटील_अकोट
“सरकार उलथवलं” हे साधं सरळ का नको कोणाला? त्यात कोणीतरी मुद्दाम केलं हे येते, आरोपही आहे. लष्करानं सरकार उलथवलं. नाम नाही सापडत तर क्रियापद वापरा, मराठीला नामाचा एवढा सोस कधीपासून लागला? हे सगळं इंग्रजी मथळे समोर ठेवून लिहिल्यामुळे होते.

अनुवादिनी_वर्धा
हे पटलं. पण अहवालात “कूनंतरची”, “कूविरोधी”, “कूचे नेते” असं पन्नास वेळा येतं तेव्हा क्रियापद कुठे कुठे पुरवू?

वऱ्हाडी_ठेचा
उलथवलं पेक्षा उलार म्हना. बंडी मांगून भरली का उलार होते, बैलाच्या मानेवरचं जू वर जाते. हे फौजेचं तसंच असते, मांगं वजन वाढत जाते कोनाले दिसत नाई अन् एक दिवस गाडीवान हवेत.

पोटे_पाटील_अकोट
उलार आपोआप होते, बे. भरणाऱ्याचा दोष. कू कोणी आपोआप होत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
भरनारा कोन मंग? त्याच देशाईनं बंदुका देल्या ना फौजेले जे आता चिंता करून रायले. १.३ अब्ज ताईनं वर सांगतलं.

शुद्धमती
“उलार” की “उलाळ”? कोशात दोन्ही असावेत असं वाटतं.

शेतकरीण_पुसद
आमच्याकडे उलार. उलाळ कोणी म्हणताना ऐकलं नाही.

मास्तर_दारव्हा
मी तूर्त “लष्कराने सरकार उलथवले” आणि डिप्लोरला “तीव्र नापसंती” टाकतो, डीप कन्सर्न ला “तीव्र चिंता”. पण आता तीव्र दोन ठिकाणी आलं, पोरं पुन्हा पकडतील. कोणाकडे दुसरा शब्द?

वनरक्षक_निवृत्त_कुरखेडा
उलारवरून विचारतो, बंडी पुढून भारी झाली तर तुमच्या वऱ्हाडात काय म्हणतात?

वऱ्हाडी_ठेचा
काका, बैलाच्या मानेवर आली म्हंतो आमी. तुमच्या झाडीपट्टीत येगळा शब्द हाये का?

वनरक्षक_निवृत्त_कुरखेडा
आहे, पण जिभेवर येऊन राहिला नाही. बायकोला विचारून सांगतो.